दोन्ही डाव्या बाजूंचा गेंडा

ती. वन्सं यांना,

धाकट्या वहिनीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकणं यंदा जरा कमी पडलंय. का धरली ते पुढे येईलच.)

तुमचा गुडघा कसा आहे? मागे म्हणाला होतात की जिना चढताना कटकट वाजतो. मी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, वाजतोय ना, म्हणजे चालू आहे. तुमचाच भाऊ, मी काय बोलणार! तुमचं मांजर, गॅलरीतल्या कुंड्या आणि तुमच्या डोक्यावर सकाळी सकाळी उड्या मारून व्यायाम करणारे ते वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, सगळे आपापल्या जागी सुखरूप असतील असं धरून चालते. इकडे सगळे ठीक. म्हणजे आता ठीक. मागच्या आठवड्यात कोणीच ठीक नव्हतं, आणि त्याचीच ही हकिगत. फोन का नाही केला म्हणाल, तर फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. रागावू नका, पण खरं आहे. मी एकदा हॅलो म्हणते आणि त्यानंतरचं माझं वाक्य म्हणजे बरं, ठेवते. मधलं सगळं तुमचं. पत्रात निदान शेवटपर्यंत मीच बोलणार आहे.

तर आधी बसा. बसलात? मामंजींचा करडा कोट आता राहिला नाही. म्हणजे घरातच आहे, पण कोट राहिला नाही. त्याचा गेंडा झाला आहे.

लगेच फोनकडे जाऊ नका, पुढचं वाचा. तो कोट तुमच्या किती जिव्हाळ्याचा आहे हे मला का ठाऊक नाही? तुम्ही आलात की पिशवी खाली ठेवायच्या आधी कपाट उघडता, कोटाच्या खांद्यावरून हात फिरवता, डांबरगोळ्या बदलल्या का म्हणून मला विचारता आणि मग पाणी मागता. पण वन्सं, तो घालणार कोण होतं? ह्यांनी घातला की आत अजून एक माणूस सहज मावतो. चिरंजीवांना तो दंडात अडकतो आणि काढायला दोघांना ओढावं लागतं. मी एकदा घालून पाहिला होता (हे सांगायचं नव्हतं, पण आता लपवून काय!), तर सूनबाईने मला मागून पाहिलं आणि रखवालदार आत कसा आला म्हणून ओरडली. असा तो कोट वर्षानुवर्षं नुसता लटकत होता. मामंजी असते तर त्यांनीच म्हटलं असतं की ह्याचं काहीतरी करा. गेंडा करा असं नसतं म्हटलं, हे मान्य. पण काहीतरी करा म्हटलं असतं.

आता गेंडाच का, ते सांगते. आमची मुंगी वर्गात सगळ्यात लहान चणीची आहे, हे तुम्ही पाहताच. (मुलीचं नाव छान, मोठं, सूनबाईने आठ दिवस विचार करून ठेवलेलं, पण जन्मल्यापासून जो उठतो तो मुंगीच म्हणतो.) गेल्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात तिला सूर्यफूल केलं होतं. स्टेजच्या पायऱ्या उंच. ती एक पाय वर टाकून चढायच्या बेतात होती, तेवढ्यात तिच्या बाईंनी मागून येऊन काखेत धरून उचललं आणि फुलदाणी ठेवावी तशी स्टेजच्या मधोमध ठेवली. अख्खं सभागृह एका सुरात म्हणालं, अगं बाई, किती गोड! झालं. पोरीने तोंड पाकळ्यांत खुपसलं आणि जी रडायला लागली ती पुन्हा उचलून खाली आणेपर्यंत. आम्ही घरी येताना हसत होतो. हो, मीसुद्धा. लहान पोरं रडायचीच, असं म्हणून तिला खाऊ दिला आणि विषय संपवला. पण तिच्यापुरता तो संपला नव्हता. त्यानंतर वर्षभर तिने वर्गात तोंड उघडलेलं नाही, असं बाईंनीच सूनबाईला बोलावून सांगितलं. हजेरीला नुसता हात वर करते म्हणे. घरी बघावं तर माझ्याशी एवढी बडबड की कान किटतात.

म्हणून यंदा वेशभूषेच्या कार्यक्रमाची सूचना आली तेव्हा सूनबाईने ती दोनदा वाचली आणि माझ्या हातात दिली. तिने बिचारीने हौसेने फुलपाखराचे तयार पंख आणून ठेवले होते, चकचकीत, दोऱ्याने फडफडणारे. मुंगीने ते पाहिले, बाजूला सारले आणि जेवताना शांतपणे सांगितलं की मी गेंडा होणार. का गं बाई, गेंडा का? तर म्हणाली, गेंड्याला कोणी उचलत नाही, गेंड्याचे कोणी गाल ओढत नाही आणि गेंड्याला कोणी गोड म्हणत नाही. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे पाहिलं आणि ह्यांनी पंख्याकडे पाहिलं. गाल कोण ओढतं म्हणून विचारलं तर तिने भराभर नावंही घेतली. (ती इथे देत नाही. जागा पुरणार नाही.) मी होणार, आणि मी एकटी चढणार, असं म्हणून तिने ताटातला घास संपवला. दुकानात गेंडा होता, नाही असं नाही, पण तो हसरा होता आणि त्याला लांब पापण्या होत्या. तो पाहून पोरीने माझा हात धरून मला दुकानाबाहेर ओढत आणलं.

म्हणजे गेंडा घरी शिवणं आलं. आणि शिवणं आलं म्हणजे मी आले, कारण आयुष्यभर मशीन चालवणारी ह्या घरात मीच. आता तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. इस्पितळाच्या कपडाखोलीत मी इतकी वर्षं काय शिवलं? चादरी, उशांचे अभ्रे, पडदे. सगळी सरळ शिवण. माझ्यासारखी सरळ टीप त्या इस्पितळात कोणाची नव्हती, आजही तिथल्या मुली नाव काढतात. पण गेंडा हा प्राणी कुठूनही सरळ नाही, हे मला कापड हातात घेतल्यावर कळलं. त्याला पोट आहे, वशिंडासारखा खांदा आहे, मागे गोल आहे, आणि मानेला तर नुसत्या घड्या. मी सवयीने जे केलं ते असं की अस्तर न काढता कोट उसवला, ह्यांची निवृत्तीच्या दिवशी घातलेली करडी पँट उसवली, आणि दोन्हीचे तुकडे जोडून आधी एक चादर केली. चारही बाजूंनी काठ दुमडून, व्यवस्थित. मुंगी येऊन चादरीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, आजी, हा झोपलाय का? मी म्हटलं, हो, उठवते थोड्या वेळाने.

इथे तुमचे बंधुराज मैदानात उतरले. म्हणाले, तुझ्यासारखं अंदाजपंचे चालणार नाही, आधी नकाशा पाहिजे. आता ह्यांनी जन्मभर पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढले. त्यात ह्यांचा हात कोणी धरणार नाही. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला, टी-पट्टी काढली, पेन्सिलींना टोकं केली, आणि आम्ही सगळे स्वयंपाकघरात उभ्याने जेवलो. संध्याकाळपर्यंत समोरून गेंडा, बाजूने गेंडा, वरून गेंडा आणि उभा छेद दिलेला गेंडा तयार झाला. (छेद कशाला, विचारलं. म्हणाले, आत काय आहे ते कळायला नको? आत आपली नात आहे, मी म्हटलं.) चित्र सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. फक्त चार पायांवर ठेवलेली टाकी दिसत होती आणि तिला शेपटी होती. पाणी कुठून भरायचं, एवढं मी विचारलं, तर दोन तास माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन तास फार कामाचे गेले.

आणि आता जे झालं त्यात चूक कोणाची, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही, तुम्हीच मोठ्या आहात, तुम्हीच ठरवा. ह्यांनी गेंड्याची एकच बाजू काढली आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, दोन नग. टाकीचा पत्रा असाच कापतात म्हणे, इकडून लावला काय न् तिकडून लावला काय. मी वाचलं दोन नग, आणि अभ्रे कापतात तसं कापड सुलट बाजू वर ठेवून एकावर एक घातलं आणि कात्री चालवली. अभ्र्याला डावं-उजवं कुठे असतं? कापून झालं, दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही गेंड्याच्या डाव्या बाजू. दोघांचंही तोंड खिडकीकडे. उजवी बाजू करायची तर एक तुकडा उलटा वापरायचा, आणि उलट्या बाजूला कोटाचं अस्तर. तुम्हाला आठवत असेल ते अस्तर, तांबूस, चकचकीत, बारीक पट्ट्यांचं, आणि त्यात मामंजींचा आतला खिसा. करडं कापड संपलेलं, कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी. हे म्हणायला लागले, तुला वाचता येत नाही का. मी म्हटलं, तुम्हाला उजवी बाजू काढायला कागद महाग पडला का. वन्सं, इतकं भांडण आमचं चिरंजीवांच्या लग्नात पाहुण्यांच्या गाद्यांवरूनही झालं नव्हतं. मी कात्री आपटली, गेंडा गेला खड्ड्यात म्हटलं, आणि मागे वळून पाहते तर मुंगी दारात उभी. तिने फक्त तो अस्तराचा तुकडा उचलला आणि छातीशी धरला. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. पोरीला आम्ही एक गोष्ट करून द्यायची होती, आणि आम्ही दोघं म्हातारे कागदावरून भांडत होतो.

मग तीच म्हणाली की ह्यात काही चुकलेलं नाही. गेंडा चिखलात लोळतो. ही बाजू वाळली आहे, ही बाजू अजून ओली आहे. एवढं म्हणून तिने अस्तरावरून हात फिरवला आणि म्हणाली, बघ, ओलीच लागते. आम्ही दोघांनीही हात लावून पाहिला आणि खरंच ओली लागते असं कबूल केलं. त्यानंतर घरात कोणी आवाज चढवला नाही. मी जमिनीवर बसून पोटाची गोलाई हाताने शिवली (कंबर तिथेच गेली), ह्यांनी मुकाट्याने सुईत दोरे ओवून दिले, सूनबाईने फुलपाखराच्या पंखांचे पट्टे कापून आतून खांद्याला लावले, म्हणजे गेंडा घसरायला नको. तिने ते आपणहून कापले, हे मुद्दाम लिहिते. आणि कोटाच्या कॉलरला मी कात्री लावली नाही, वन्सं. ती तशीच मानेवर बसवली. मानेच्या घड्यांना त्याहून चांगलं काही सापडलंच नसतं. शिंगाने मात्र छळलं. मोज्यात कापूस भरून केलं तर ते एका अंगाला कलायचं आणि गेंडा कुणाला तरी वाट विचारतोय असं वाटायचं. शेवटी मोज्यात आमचं तेल ओतायचं नरसाळं घातलं आणि शिंग ताठ झालं. तेव्हापासून मी तेल बाटलीत अंदाजाने ओततेय आणि निम्मं ओट्यावर जातंय.

कार्यक्रमाच्या दिवशी मुंगी घरूनच गेंडा होऊन निघाली. रस्त्यात लोक वळून वळून बघत होते. डोळ्यांची भोकं ह्यांच्या नकाशाबरहुकूम पाडल्यामुळे तिला फक्त समोरचं दिसत होतं, बाजूचं काही नाही, आणि मला वाटतं ते बरंच झालं. सभागृहात आम्ही तिसऱ्या रांगेत. स्टेजवर पऱ्या झाल्या, डॉक्टर झाले, एक झाड झालं आणि ते झाड आईला पाहून मधेच निघून गेलं. मग नाव पुकारलं. गेंडा पडद्याआडून पायऱ्यांपाशी आला आणि थांबला. पायऱ्या त्याच, तेवढ्याच उंच. बाई चांगल्या स्वभावाच्या आहेत हो, पण सवय वाईट. आल्या पुढे दोन्ही हात पसरून. माझ्या शेजारी सूनबाईने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. हे खुर्चीतून अर्धे उठले. आणि वन्सं, गेंड्याने मान खाली घातली, शिंग पुढे केलं आणि आतून आवाज आला, अगदी स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत: मी चढते!

बाईंचे हात जागच्या जागी राहिले. वर्षभरात त्यांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला होता. मग त्या बाजूला झाल्या, खरोखर रस्ता देतात तशा. आणि आमचा गेंडा चढला. आधी पुढचे दोन पाय, मग जरा दम, मग मागचा एक, मग तो घसरला, पुन्हा वर. ह्यांचा श्वास मला ऐकू येत होता. सभागृहात कोणी हसलं नाही. वर पोचल्यावर तो उभा राहिला, माईकपाशी गेला, पण माईक ह्याच्या शिंगाहूनही उंच. त्याची काही गरज पडली नाही. बाईंनी पाठ करून दिलेलं होतं, मी गेंडा आहे, जंगल वाचवा. ते काही तिने म्हटलं नाही. म्हणाली, मी गेंडा आहे, मला उचलायचं नाही. आणि मग टाळ्या पडल्या त्या काय सांगू. ती टाळ्या संपेपर्यंत थांबली, एकदा वळून वाळलेली बाजू दाखवली, एकदा ओली बाजू दाखवली, आणि स्वतःच्या पायांनी उतरली. बक्षीस झाडाला मिळालं, पळून गेलेल्या. असो. ह्यांचे डोळे भरून आले होते. मला म्हणाले, धूळ फार आहे इथे. माझेही आले होते, पण मी कबूल करते.

आता ती रोज हजेरीला तोंडाने बोलते. कोट गेला त्याबद्दल तुम्हाला काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तो कोट कापीन. ह्या वेळी सुलटाला सुलट भिडवून.

गुडघ्याला शेक द्या, जिना सावकाश चढा, मांजराला जास्त भरवू नका, ते आता मांजर दिसत नाही. सुट्टीत येताय ना? वाट बघतोय सगळे.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. ह्यांनी लिहायला सांगितलंय की नकाशात चूक नव्हती. लिहिलं.

आणखी ता. क. वर कोटाबद्दल एवढं लिहिलं, पण खरं सांगू का, हे पत्र कोटासाठी नव्हतंच. कोटाचं मी तुम्हाला फोनवरही सांगितलं असतं आणि तुम्ही मला फोनवरच माफ केलं असतं, मला माहीत आहे. हे पत्र मुंगीने लिहायला लावलंय. त्या दिवशी जेवताना तिने गाल ओढणाऱ्यांची नावं घेतली, त्यात दुसरं नाव माझं होतं. पहिलं तुमचं. रागावू नका हो. तुम्ही तिच्यावर किती जीव टाकता ते ती जाणते; तुम्ही येणार म्हटलं की आठ दिवस आधीपासून नाचत असते. आणि बेल वाजली की पलंगाखाली जाते. आम्ही तिला लाजाळू म्हणत होतो. पलंगाखाली का जाते, हे आमच्यापैकी कोणी तिला कधी विचारलंच नाही. मी हल्ली विचारून जवळ घेते. काल नाही म्हणाली. आज हो म्हणाली, आणि वन्सं, ते हो मी कुठे ठेवू असं मला झालंय.

शेवटचा ता. क. ह्या सुट्टीत दार ती उघडणार आहे, गेंडा होऊन. मी तिला म्हटलं, असं कळवलं तर आत्याआजीला वाईट वाटेल गं. आत्ता माझ्या शेजारी उभी राहून ती विचार करतेय. म्हणते, लिही: आत्याआजीने आधी विचारायचं. मी हो म्हणणारच आहे. पण विचारायचं.